साप, शिडी आणि माउली

(टी. ई. कॉम्प्युटर, लेडीज हॉस्टेल)

आधीच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले तीन-चार तास आणि पेपरात एक निबंध. घरी आजी होती म्हणून बोलायला तरी नीट येतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. मॅगझिन कमिटीने मराठी विभागासाठी मागच्या लागून लेख मागितला आणि माझ्याकडे विषय एकच होता. तो मला लायब्ररीत नाही, हॉस्टेलच्या व्हरांड्यात मिळाला.

गेल्या पीएलमधली गोष्ट. संध्याकाळी सात वाजता लाइट गेली. जनरेटर बंद, मोबाइलची बॅटरी चार-पाच टक्के. व्हरांड्यात आम्ही अकरा जणी. आता काय खेळायचं, यावरची चर्चा खेळापेक्षा जास्त रंगली! कॅरम काढला तर चौघी खेळणार आणि सात जणी स्ट्रायकरकडे बघत बसणार. बुद्धिबळ तर दोघींचंच. मेंढीकोटला जोड्या पाडायच्या आणि ज्यांना येत नाही त्यांना हुकूम म्हणजे काय हे शिकवेपर्यंत लाइट येणार. व्यापार मांडला की तासाभरात कोणीतरी दिवाळखोर होतं आणि मग ती बिचारी कडेला बसून दुसऱ्यांच्या नोटा मोजते. अंताक्षरीत हिंदी गाणी न येणाऱ्या दोघी गप्प. शेवटी कोणाच्या तरी धाकट्या भावाचा लुडोचा पुठ्ठा निघाला आणि त्याच्या मागच्या बाजूला सापशिडी. सगळ्या हसल्या. इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला सापशिडी? सोंगट्या चारच होत्या, म्हणून बाकीच्यांनी खोडरबर, शर्टाचं बटण, कानातलं, जे मिळेल ते ठेवलं. मेणबत्तीच्या उजेडात दोन तास खेळलो. लाइट आली तरी कोणी उठलं नाही.

त्या अकरा जणींत एक फर्स्ट इयरची होती. तिच्याशी आमचा मजला महिनाभर बोलत नव्हता. खोलीत लपवलेल्या इंडक्शन शेगड्या रेक्टर मॅडमनी एका रात्रीत जप्त केल्या होत्या आणि चुगली हिनेच केली, असं कोणीतरी म्हणालं होतं. खरं-खोटं कोणी विचारलं नाही. मीही नाही. त्या संध्याकाळी अंधारात एकटी कशी बसणार म्हणून ती येऊन कडेला उभी राहिली. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

खेळता खेळता कोणीतरी सांगितलं की सापशिडी ज्ञानेश्वरांनी शोधून काढली, तसा मेसेज फिरत असतो. आणि ज्ञानेश्वरी तर आपल्या जिल्ह्यात, नेवाशाला सांगितली गेली. मला आधी वाटलं, हे नेहमीचंच, जगातलं सगळं आपल्याकडेच लागलं असं सांगणारं फॉरवर्ड. पण डोक्यातून जाईना. परीक्षा संपल्यावर लायब्ररीत बसले, एका रविवारी नेवाशालाही जाऊन आले. जे कळलं ते सांगते. पण आधी ज्ञानदेवांचं आयुष्य सांगायला हवं, कारण ते कळल्याशिवाय या खेळाचं त्यांच्याशी काय नातं असेल, ते कळत नाही.

वडिलांची चूक, मुलांची शिक्षा

विठ्ठलपंत हे पैठणजवळच्या आपेगावचे कुळकर्णी. त्यांचं लग्न आळंदीच्या सिधोपंतांच्या मुलीशी, रुक्मिणीशी झालं. पण पंतांचं मन संसारात लागेना. ते काशीला गेले आणि लग्न झाल्याचं न सांगता संन्यास घेतला. पुढे गुरू तीर्थयात्रेला निघाले, वाटेत आळंदीला थांबले आणि नमस्काराला आलेल्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, अशी प्रसिद्ध गोष्ट आहे. खरा प्रकार कळल्यावर गुरूंनी पंतांना परत संसारात पाठवलं.

गुरूची आज्ञा पाळली, विषय संपला, असं आपल्याला वाटेल. पण त्या काळच्या शास्त्रात संन्यासातून परत गृहस्थ होण्याची वाटच नव्हती. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने हे कुटुंब वाळीत टाकलं. त्याच काळात चार मुलं झाली. निवृत्ती १२७३ मध्ये, ज्ञानदेव १२७५ मध्ये, सोपान १२७७ मध्ये आणि सगळ्यात धाकटी मुक्ता १२७९ मध्ये. (सनांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, मी रूढ असलेले घेतले आहेत.) लोक त्यांना संन्याशाची पोरं म्हणून हिणवत. मुंजीची वेळ आली तेव्हा मुंज नाकारली. मुंज नाही म्हणजे शिक्षण नाही, वेद नाहीत, समाजात जागा नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर ॲडमिशनच्या आधीच फॉर्म रिजेक्ट, आणि कारणाच्या रकान्यात वडिलांचं नाव.

मुलांना तरी स्वीकारतील म्हणून आई-वडिलांनी प्रायश्चित्त विचारलं. सांगितलेलं प्रायश्चित्त देह सोडण्याचं होतं. परंपरेनुसार दोघांनी प्रयागला जाऊन ते घेतलं. मागे चार भावंडं. थोरला निवृत्ती कुमारवयाचा, धाकटी मुक्ता अगदी लहान. आणि एवढं होऊनही वाळीत टाकलेलं उठलं नाही!

निवृत्तीला मात्र एक वेगळी वाट मिळाली होती. आई-वडिलांबरोबर त्र्यंबकेश्वरला असताना ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पळापळीत तो चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ भेटले, अशी कथा आहे. नाथपंथाची दीक्षा त्याला मिळाली आणि त्याने ती पुढे धाकट्या भावाला दिली. म्हणजे ज्ञानेश्वरांचे गुरू म्हणजे त्यांचा दोन वर्षांनी मोठा सख्खा भाऊ. आपल्याकडे सीनिअरने नोट्स दिल्या तरी आपण आयुष्यभर सांगतो, ज्ञानेश्वरांनी तर जे लिहिलं त्याचं सगळं श्रेय निवृत्तीनाथांना दिलं.

पट कोणासाठी?

आता सापशिडीची गोष्ट. निवृत्ती आणि ज्ञानदेव भिक्षा मागायला गावात जात. सोपान आणि मुक्ता घरी. वाळीत टाकलेल्या घरातल्या मुलांशी गावातली मुलं कशाला खेळतील? ही दोन लहान मुलं दिवसभर करणार काय? म्हणून ज्ञानदेवांनी त्यांच्यासाठी एक पट आखून दिला, खाली जन्म, वर मोक्ष, मध्ये साप आणि शिड्या. त्याचं नाव मोक्षपट.

ही परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे. पुराव्याकडे मी नंतर येते. पण ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला एकच चित्र दिसलं. धाकट्यांना खेळायला कोणी घेत नाही, म्हणून भाऊ असा खेळ निवडतो की ज्यात दोघंच असली तरी चालतं, मोठा भाऊ परत आला की तोही मध्येच बसू शकतो आणि सगळ्यात लहान बहीणही सगळ्यांना हरवू शकते. घरच्यांसाठी खेळ निवडणं म्हणजे आणखी काय असतं?

त्या घरात सगळं असं गंभीरच होतं असंही नाही. एकदा मुक्ताला मांडे करायचे होते. मांडे भाजायला मातीचं परळ लागतं. आळंदीतल्या विसोबा नावाच्या माणसाने गावच्या कुंभाराला दम दिला, या पोरांना काही द्यायचं नाही. मुक्ता रडवेली होऊन परत आली. मग ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. तोच विसोबा पुढे शरण आला आणि नामदेवांचा गुरू विसोबा खेचर झाला, असं परंपरा मानते. म्हणजे सगळ्यात मोठ्या सापाच्या तोंडातून खाली गेलेला माणूससुद्धा पुढे शिडी चढला.

आणि खुद्द ज्ञानदेव? एकदा लोकांच्या बोलण्याने तेही इतके दुखावले की झोपडीत शिरून त्यांनी ताटी, म्हणजे झापाचं दार, लावून घेतलं. बाहेर मुक्ता. ती चिमुरडी दाराशी बसून आपल्या विद्वान भावाला समजावत राहिली, की जगाचं ऐकून आपण रागावलो तर संत कसले? तेच ताटीचे अभंग. शेवटी त्यांनी दार उघडलं. क्रोधाचा साप माउलींनाही गिळायला आला होता आणि शिडी लावली ती धाकट्या बहिणीने. मला या सगळ्या चरित्रातला हा प्रसंग सर्वांत जवळचा वाटतो, कारण यात ते आपल्यासारखे रुसतात.

पैठणहून नेवाशाला

शुद्धिपत्र मिळवायला चारही भावंडं पैठणला गेली. पैठण म्हणजे तेव्हाची विद्येची राजधानी. तिथे पंडितांनी टिंगल केली आणि ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद म्हणवले, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? चमत्कार बाजूला ठेवला तरी त्यातली चपराक लागतेच. ज्या मुलांना वेदांचा अधिकार नाही म्हणून सांगितलं, त्यांच्यापुढे अधिकार म्हणजे काय, हाच प्रश्न उभा राहिला.

पैठणहून ती निघाली आणि प्रवरेच्या काठी नेवाशाला आली. हे आपलं नेवासा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने जाताना नेवासा फाटा लागतो, आपल्यातले कितीतरी जण दर सुट्टीत त्या फाट्यावरून जातात आणि उतरत नाहीत. मीही दोन वर्षं उतरले नव्हते.

नेवाशात सच्चिदानंदबाबा भेटले. त्यांची तिरडी निघाली होती आणि ज्ञानदेवांनी त्यांना उठवलं, असं सांगतात. त्यानंतर ज्ञानदेव बोलत गेले आणि बाबा लिहीत गेले. जिथे टेकून त्यांनी हे सांगितलं तो दगडी खांब अजून आहे. त्याला पैस म्हणतात. त्याच्यावर जुना शिलालेख कोरलेला आहे आणि आता त्याच्याभोवती मंदिर बांधलेलं आहे. गावातच मोहिनीराजाचं देखणं कोरीव मंदिर आहे. मी गेले तेव्हा पैस खांबाजवळ एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन पारायण करत होते. नातू पोथीच्या पानांना मोजत होता.

शके १२१२, म्हणजे १२९० साल. देवगिरीच्या गादीवर रामचंद्र यादव. ज्ञानदेव पंधरा वर्षांचे. आपण पंधराव्या वर्षी दहावीचा सायन्सचा पेपर दोन सोडवत होतो! त्या वयात त्यांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. संस्कृतात सांगितल्या असत्या तर पैठणच्या पंडितांनी वाहवा केली असती. त्यांनी त्या मराठीत सांगितल्या. गीता तोपर्यंत ज्यांना ऐकायलाही मिळत नव्हती, त्या बायका, शेतकरी, शिंपी, कुंभार या सगळ्यांना ती कळेल अशी केली. त्यांचे दृष्टांत पाहा, शेतातले, स्वयंपाकघरातले, आई-लेकराचे. अवघड कन्सेप्ट आली की ते एक सोडून चार उदाहरणं देतात. असे सर आपल्याला एम-थ्रीला मिळाले असते तर?

आणि शेवटी पसायदान. ज्या मुलाला जगाने एवढं छळलं त्याने नऊ हजार ओव्यांनंतर देवाजवळ मागितलं ते सगळ्यांसाठी, दुष्टांसाठीसुद्धा. त्यांचा दुष्टपणा जावो, एवढंच मागितलं, त्यांना शिक्षा मागितली नाही. आळंदीच्या ब्रह्मवृंदाचं नावही नाही.

बारीकसं, पण भरलेलं आयुष्य

यापुढची वर्षं भराभर जातात. निवृत्तीनाथांनी सांगितलं की गीतेवरचं झालं, आता स्वतःचं लिही. मग अमृतानुभव झाला. चांगदेव नावाचे मोठे योगी होते, चौदाशे वर्षं जगले अशी त्यांची ख्याती. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र पाठवायचं ठरवलं, पण वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा हेच कळेना. म्हणून कोरा कागदच पाठवला! त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. नंतर चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला आले आणि ही भावंडं बसल्या भिंतीसकट सामोरी गेली, हे चित्र आपण कॅलेंडरवर पाहिलेलं असतं. पुढे चांगदेव मुक्ताबाईंचे शिष्य झाले. त्यांची समाधी आपल्याच जिल्ह्यात पुणतांब्याला आहे, गोदावरीच्या काठी.

मग नामदेव भेटले. जातीने शिंपी, पंढरीच्या विठोबाचे लाडके. दोघांनी मिळून संतमंडळींबरोबर उत्तरेची तीर्थयात्रा केली. या यात्रेची आणि नंतरच्या समाधीची हकिगत नामदेवांच्याच अभंगांतून आपल्यापर्यंत आली आहे. वारकऱ्यांच्या त्या घोळक्यात शिंपी, कुंभार, माळी, सोनार, चोखामेळ्यासारखे महार, दासी असलेली जनाबाई, सगळे होते. वाळीत टाकलेल्या मुलाने जमवलेला गोतावळा असा होता.

शके १२१८, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीला संजीवन समाधी घेतली. वय एकवीस. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि तो काळच बदलला. पुढच्या वर्षभरात बाकीची भावंडंही गेली. सोपानदेव सासवडला, निवृत्तीनाथ त्र्यंबकेश्वरला, मुक्ताबाई तापीच्या काठी, आजच्या मुक्ताईनगरजवळ. ज्या आळंदीने त्यांना वाळीत टाकलं, त्याच आळंदीहून दर आषाढीला त्यांची पालखी लाखो लोकांबरोबर पंढरपूरला जाते. आणि १५८४ मध्ये पैठणच्याच एकनाथांनी ज्ञानेश्वरीची बिघडलेली पाठप्रत शुद्ध करून दिली. आळंदीही आणि पैठणही, दोन्ही गावं शेवटी त्यांच्या बाजूने आली.

मग सापशिडी त्यांचीच का?

आता खरं सांगायची वेळ. तेराव्या शतकातला एकही मोक्षपट आज हाती नाही. जे जुने पट जपलेले आहेत ते बहुतेक अठराव्या शतकापासून पुढचे, आणि ते नुसते मराठी नाहीत. राजस्थान-गुजरातमध्ये जैन लोक ज्ञानचौपड किंवा ज्ञानबाजी खेळत, त्यात ८४ घरं. वैष्णवांच्या पटात ७२ घरं, सूफींच्या पटात शंभराच्या आसपास. पुण्यात संशोधक रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात मोक्षपट मिळाले आणि वा. ल. मंजूळ यांनी त्यांची माहिती लोकांपुढे आणली. डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसेन यांनी तर पश्चिम भारतातल्या या पटांवरच कोपनहेगन विद्यापीठात पीएचडी केली, २०१९ मध्ये. तेव्हा मेसेजमध्ये येतं तसं, ज्ञानेश्वरांनी सापशिडीचा शोध लावला, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. वारकरी परंपरा हा खेळ त्यांचा मानते, एवढं नक्की म्हणता येतं.

थोडी निराश झाले. पण मग वाटलं, लोकांनी हा खेळ नेमका त्यांच्याच नावावर का चढवला? पट हाती घेतला की कळतं.

जुन्या पटावर आकड्यांऐवजी घरांना नावं असायची. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या घरांत साप. दान, भक्ती, सत्संग अशा ठिकाणी शिडी. साप पुष्कळ आणि शिड्या कमी. खेळताना प्रत्येक घराचं नाव वाचायचं, म्हणजे जो वाचू शकत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवणार. जे काम ज्ञानेश्वरीने गीतेचं केलं, तेच काम हा पट वेदान्ताचं करतो. घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही ते हाती देतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी हा खेळ इंग्लंडला नेला. हळूहळू नावं गेली, आकडे राहिले. १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने मुलांना भीती वाटू नये म्हणून सापसुद्धा काढले आणि घसरगुंड्या टाकल्या.

आता जरा ब्रँचचं बोलते. सापशिडी म्हणजे आपल्या सिलॅबसमधली मार्कोव्ह चेन. प्रत्येक घर ही एक स्टेट. पुढे कुठे जाल ते फक्त आत्ता कुठे आहात आणि फासा काय पडतो यावर ठरतं. इथवर कसे आलात याची नोंद पट ठेवतच नाही. त्या अमेरिकन पटावर एका खेळाडूला वर पोचायला सरासरी चाळीसच्या आसपास खेळ्या लागतात, नशीब जोरावर असेल तर फक्त सात. जुन्या मोक्षपटात फाशाऐवजी सहा कवड्या टाकायचे. कवडी नाण्यासारखी निम्मी-निम्मी पडते असं धरलं तर तीन पडण्याची शक्यता ६४ पैकी २० आणि सहा पडण्याची ६४ पैकी फक्त १. म्हणजे मोठी उडी दुर्मिळ, मध्यम चाल नेहमीची. फाशापेक्षा हे आयुष्याच्या जास्त जवळ आहे, नाही का?

पण मला अडकवलं ते त्या पहिल्या गोष्टीने. पट मागचं लक्षात ठेवत नाही. ज्या मुलांच्या वडिलांचं मागचं गावाने लक्षात ठेवलं, त्या मुलांच्या नावावर परंपरेने असा खेळ लावला की ज्यात मागचं काहीच धरत नाहीत. हा योगायोग असेलही. मला तो पटतो.

तुम्ही खेळ निवडाल तेव्हा

दिवाळीत घरी पंधरा-वीस माणसं जमतात किंवा हॉस्टेलवर बर्थडे असतो, तेव्हा दुकानातला महागडा बॉक्स घेण्याआधी माउलींच्या पटाकडून एवढं शिकून घ्या. एक, शिकवायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागतात का? दोन, कोणी मध्येच बाद होऊन कडेला बसतं का? बसत असेल तर तो खेळ लहान ठेवा. तीन, सहा वर्षांची भाची आणि सत्तरीचे आजोबा दोघांनाही जिंकायची संधी आहे का? चार, उशिरा आलेल्याला घेता येतं का? पाच, खेळताना बोलणं होतं का, की सगळे मान खाली घालून बसतात? बुद्धिबळ आणि ब्रिज चांगलेच आहेत, पण ते दोघा-चौघांचे, सारख्या ताकदीच्या माणसांचे. जिथे माणसं कमी-जास्त आणि लहान-मोठी आहेत तिथे थोडं नशीब हवंच. नशीब असलं की हरणाऱ्याचा अपमान होत नाही.

आम्ही आमचा स्वतःचा मोक्षपट केला. ईजीची जुनी ड्रॉइंग शीट उलटी केली, ड्राफ्टरने ७२ घरं आखली. आजीला फोन केला तर ती म्हणाली कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून अर्धे करा, एक बाजू काळी, एक पांढरी. मेसच्या मावशींनी चिंचोके दिले. घरांची नावं आमची. प्रॉक्सी, रात्रभर रील्स, दुसरीच्या जर्नलची कॉपी, केटीचं टेन्शन इथे साप. पहाटेचा अभ्यास, घरी फोन, आजारी रूममेटला मेसमधून ताट आणून देणं इथे शिड्या. सगळ्यात लांब साप कोणता असावा यावर वाद झाला. कोणीतरी हळूच लिहिलं, खात्री न करता बोलणं. तो ६९ वरून थेट ४ वर जातो.

आता त्या फर्स्ट इयरच्या मुलीकडे येते. लाइट गेलेल्या संध्याकाळी ती कडेला उभी होती आणि कोणीच काही बोलत नव्हतं. सोंगटी कमी पडत होती म्हणून मी माझ्या कानातलं दुसरं तिच्याकडे सरकवलं, एवढंच. सॉरी वगैरे म्हणायला मला जमलं नाही. ती बसली. दीड तासाने ९८ पर्यंत पोचली आणि सापाने तिला पार खाली आणलं. महिनाभर जिच्याशी कोणी बोललं नव्हतं ती इतकी जोरात हसली की खालच्या मजल्यावरून मुली वर आल्या. इंडक्शनचं कोणी सांगितलं होतं ते आम्हाला आजही माहीत नाही, आणि आता कोणी विचारतही नाही. नवीन पटावरची घरांची नावं तिच्याच अक्षरातली आहेत. तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

ती शीट कॉमन रूममध्ये टीव्हीच्या मागे ठेवली आहे, चिंचोके डबीत. कोणीही घ्या, फक्त खेळून झाल्यावर गुंडाळून ठेवा. आणि पुढच्या सुट्टीत घरी जाताना नेवासा फाट्याला एकदा उतरा.